राहिलेल्या तीन कोंबड्या बाजारात नेऊ नका

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आठवडी बाजारातून तुम्ही चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा आणला, घरच्या पाच जवारी (गावठी) कोंबड्यांत त्याच दिवशी सोडला. सहाव्या दिवशी कोंबडा पेंगायला लागला. मग हिरवी-पांढरी हगवण, घुरघुर, दोघींची मान पिळवटल्यासारखी मागे गेली. दहाव्या दिवसापर्यंत सात मेल्या, त्यात सासूबाईंची पिल्लांवरची जुनी कोंबडीही गेली. आता तीन उरल्यात. त्या मरायच्या आत विकून टाकू का आणि नवीन घेताना काय बघून घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर आधी देते. विकू नका. तुमच्या परड्यात, म्हणजे घराच्या आवारात, हा रोग आला तो कुणीतरी अगदी हेच केलं म्हणून आला. कुठल्यातरी गावात चार कोंबड्या पटापट मेल्या, घरच्यांनी उरलेल्या डालग्यात (टोपल्यात) घालून बाजार गाठला, आणि त्यातली एक तुमच्याकडे आली. तुम्ही ह्या तीन नेल्या तर पुढच्या आठवड्यात दुसरी कोणी सून हाच प्रश्न विचारत बसेल.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटी भागातली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंची सहा कोंबड्यांची खुराडी होती, आज चाळीस-पन्नास जवारी कायम असतात. अंडी, तलंगा आणि जत्रेच्या दिवसांत कोंबडे विकून घरखर्चाचा मोठा भाग निघतो. मी डॉक्टर नाही, पण तीस वर्षांत दोन वेळा खुराडं रिकामं झालेलं बघितलंय. एकदा तर माझ्याच हातानं. २००९ च्या उन्हाळ्यात एका जत्रेतून तांबडा, उंच तुऱ्याचा कोंबडा आणला. इतका देखणा की त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडला. पंधरा दिवसांत ३४ पैकी ५ राहिल्या. अंड्यावर बसलेली कोंबडी डालग्यातच मरून पडली होती, खाली अंडी गार. ते दिवस आठवले की अजून पोटात कालवतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तुम्ही सांगितलेली लक्षणं मानमोडीची आहेत. कागदोपत्री हिला राणीखेत म्हणतात. विषाणूचा रोग आहे, त्याला औषध नाही. दुकानदार जी लाल-पिवळी पूड पाण्यात घालायला देतात ती ह्या रोगावर चालत नाही, पैसे मात्र जातात. रोग अंगात शिरल्यापासून लक्षण दिसायला दोन ते पंधरा दिवस लागतात, बहुतेक वेळा पाच-सहा. म्हणजे बाजारात तुम्ही हातात धरलीत तेव्हा ती कोंबडी खरंच ठणठणीत दिसत असणार. स्वतःला दोष देऊ नका. नुसत्या डोळ्यांनी बघून हा रोग कुणालाच ओळखता आला नसता. चूक झाली ती घरी आणल्यावर, आणि ती सुधारता येते.

एक गोष्ट मात्र आधी करा. मानमोडी आणि बर्ड फ्लू दिसायला सारखेच असतात. गावातल्या सरकारी पशु दवाखान्यात जाऊन किती मेल्या, किती दिवसांत मेल्या ते सांगा. आळीत इतर घरीही एकदम मरताहेत, किंवा कावळे-बगळेही मरून पडलेत असं दिसलं तर त्याच दिवशी सांगा आणि मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका. महाराष्ट्रात नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हा आमच्याकडे, इतक्या लांब, कोंबडी घ्यायला माणूस मिळेना. सांगितलं तर कोंबड्या नेतील ह्या भीतीनं लोक गप्प बसतात. गप्प बसल्यानं रोग थांबत नाही, आळीभर पसरतो.

आता कोंबडी बाजारात येते कशी, ते बघा. घेण्याचं सगळं गणित ह्यात आहे. बाई आपली अंड्यावर आलेली तलंग सुखासुखी विकत नाही. तिच्यासाठी ती रोजच्या अंड्याची, पोराच्या वहीची सोय असते. मग बाजारात कोण येतं? पैशाची नड म्हणून विकलेली थोडी. नको इतके झालेले कोंबडे बरेच. अंडी बंद झालेल्या म्हाताऱ्या. आणि रोग आला म्हणून घाईनं काढलेल्या. शिवाय व्यापारी चंदगडकडून, खानापूरकडून, पूर्वेच्या सुक्या भागातून गोळा करून एकाच मोठ्या डालग्यात कोंबतात. वीस घरांच्या कोंबड्या सकाळपासून एकमेकींच्या तोंडावर श्वास सोडत, एकाच भांड्यातलं पाणी पीत बसलेल्या. सकाळी निरोगी आलेली दुपारपर्यंत रोग घेऊन उठते. म्हणून पहिला सल्ला असा, की पाळायची कोंबडी बाजारातून घेऊच नका. खायला घ्यायची तर त्याच दिवशी करून खा. पाळायची मात्र जिथं ती वाढली तिथं जाऊन घ्या.

घरी जाऊन घेताना मी कोंबडीकडे नंतर बघते, आधी परडं बघते. पाण्याचं भांडं कसं आहे, खुराड्याखाली विष्ठा कशी पडलीय, किती पिल्लं आहेत आणि ती कुठल्या वयाची. तीन वेगवेगळ्या वयांची पिल्लं आईमागं हिंडत असतील तर त्या घरात वर्षभर मोठी मर आलेली नाही, हे मला कुणी सांगायला नको. उलट कोंबड्या आहेत आणि पिल्लू एकही नाही, असं दिसलं की मी चहा पिऊन परत येते. शेजारणीला सहज विचारा, "गेल्या महिन्यात कुणाच्या मेल्या का गं?" घरची बाई सांगणार नाही, शेजारीण सांगते.

तरीही कधी बाजारातून घ्यावी लागलीच, तर दहाच्या आत जा. ऊन तापल्यावर सगळ्याच कोंबड्या धापा टाकतात, रोगी कुठली आणि तापलेली कुठली ते कळत नाही. डालग्यापासून चार हात लांब उभं राहून पाच मिनिटं नुसतं बघा. जी कोंबडी बाकीच्या हलल्या तरी मान आत घेऊन, पंख फुगवून बसते ती नको, आणि तिच्या डालग्यातलीही कुठलीच नको. एक पेंगणारी दिसली की पूर्ण डालगं सोडून पुढं जायचं. "ती तेवढी नको, शेजारची द्या" हा हिशेब महागात पडतो.

मग हातात घ्या. पाय बांधून उलटी धरलेली असते ती सरळ करा, छातीशी धरा आणि पाठीला कान लावा. घरघर, शिट्टीसारखा आवाज ऐकू आला की परत. नाकपुडीवर हलका अंगठा दाबा, ओल आली तर परत. डोळा गोल, उघडा, चकचकीत हवा. डोळ्याखाली सूज आणि तोंडाजवळ कुजका वास असेल तर ती सर्दीची कोंबडी. ही सर्दी बरी झालेली दिसली तरी पुढं दुसऱ्यांना देत राहते. तुरा लाल हवा, निळसर-काळपट नको. तुऱ्यावर आणि कल्ल्यावर खरबरीत काळे फोड म्हणजे देवी. शेपटी उचलून बूड बघा. पिसं कोरडी, स्वच्छ असली पाहिजेत, हिरवट किंवा चुन्यासारखी पांढरी चिकटलेली घाण नको. तिथंच पिसांच्या मुळाशी उवांची अंडी गठ्ठ्यानं दिसतात. उवा काढता येतात, त्यासाठी मी कोंबडी नाकारत नाही, पण भाव उतरवते.

छातीच्या हाडावरून बोट फिरवा. सुरीच्या पात्यासारखं धारदार लागलं तर ती बरेच दिवस आजारी किंवा जंतांनी पोखरलेली आहे. गळ्याखालची दाण्याची पिशवी टम्म असली म्हणून हुरळून जाऊ नका. वजन भरावं म्हणून सकाळी कणी आणि पाणी भरूनच आणतात. पिशवी दाबल्यावर पाण्याच्या फुग्यासारखी डचमळली आणि तोंडातून आंबूस वास आला तर सोडा. पायाचे खवले गुळगुळीत, बसके असले तर तरुण. उचललेले, चुना साचल्यासारखे असतील तर वय झालंय किंवा खवल्यात किडे आहेत. अंड्यावर आहे का हे बघायचं तर बुडाजवळची दोन हाडं चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं सहज बसली तर घालतेय, एकच बोट मावलं तर अजून तलंग आहे किंवा बंद झालीय.

आमच्या बाजारात कानडीच जास्त चालतं, म्हणून दोन-तीन वाक्यं पाठ करून ठेवा. "याव ऊरिंद तंदीरी?" म्हणजे कुठल्या गावाहून आणलंय. "तत्ती इडतैतेन्री?" म्हणजे अंडी घालते का. "जड्ड बंदित्तेन्री?" म्हणजे रोग आला होता का. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असंच उत्तर येणार. पण पहिल्याला एका डालग्यासाठी तीन गावांची नावं आली, तर तुमचं काम झालं.

दोन फसवणुकी सांगते, कारण ह्यात शिकलेली माणसंही सापडतात. पोल्ट्रीतून काढून टाकलेल्या अंड्यांच्या कोंबड्या "घरची आहे" म्हणून स्वस्तात विकतात. वरची चोच आखूड, कापलेली दिसली की समजा पिंजऱ्यातली आहे. अशी कोंबडी कुत्रं आलं तर पळायचं कुठं हेही तिला माहीत नसतं. आणि मोटारसायकलवर टोपली बांधून येणारी गुलाबी-हिरव्या रंगातली पिल्लं. ती बहुतेक हॅचरीतून बाजूला काढलेली नर पिल्लं असतात, ऊब तुटलेली. पोरं हट्ट धरतात, घरात आणतात, आठवड्यात एकेक मरतं आणि पोर रडतं. नका घेऊ.

आता तुमची खरी चूक, म्हणजे त्याच दिवशी आत सोडणं. नवीन कोंबडी कुठूनही आली, सख्ख्या बहिणीकडून आली तरी, २१ दिवस वेगळी. घराच्या दुसऱ्या बाजूला, निदान वीस-तीस पावलं लांब, वेगळं डालगं, वेगळं भांडं. दाणापाणी आधी जुन्यांना, शेवटी नवीनला, आणि मग हात-पाय धुऊन घरात. चप्पलसुद्धा वेगळी ठेवा, विष्ठा चपलेतूनच फिरते. २१ दिवस का? मानमोडी पंधरा दिवसांच्या आत बाहेर पडते, देवी दहा दिवसांत, सर्दी तर दोन-तीन दिवसांत. तीन आठवडे निघाले की ह्यातलं बहुतेक दिसून जातं. पहिल्या संध्याकाळी गुळाचं पाणी द्या, प्रवासानं शिणलेली असते. दुसऱ्या दिवशी राखेत चांगली घोळवून उवा झाडा. डॉक्टरांना विचारून जंताचं औषध ह्याच दिवसांत द्या म्हणजे जंत तुमच्या परड्यात उतरत नाहीत. २१ दिवस झाले की तुमची एक जुनी, कमी मोलाची कोंबडी तिच्या सोबत आठवडाभर ठेवा. ती टिकली तरच सगळ्यांत सोडा. आजारातून उठलेली कोंबडी वरून धडधाकट दिसते आणि आतून रोग बाळगून असते, तिची परीक्षा अशीच होते. सासूबाई म्हणतील एवढं कोण करतं. त्यांना सात कोंबड्यांची किंमत मांडून दाखवा.

लसीबद्दल. मानमोडीला औषध नसलं तरी लस आहे आणि ती चांगली आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की एफ किंवा लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात. चौथ्या आठवड्यात पुन्हा थेंब. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस टोचून घ्यायची, पुढं डॉक्टर सांगतील तसं पुन्हा. अडचण अशी की बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते, एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, आणि दवाखान्यापासून घरापर्यंत बर्फात आणावी लागते. पिशवीत घालून उन्हातून आणलेली लस टोचली काय आणि पाणी टोचलं काय, सारखंच. दहा कोंबड्यांसाठी एकटी बाई हे करत नाही आणि इथंच सगळं अडतं. आम्ही तोडगा काढला तो असा. आमच्या आळीत तेरा घरं. आदल्या रात्री सगळ्यांनी खुराडी बंद ठेवायची, सकाळी उघडायची नाहीत. एक पोरगा थर्मासात बर्फ घालून लस घेऊन येतो, दवाखान्यातला माणूस किंवा आता आमच्यातलीच शिकलेली बाई घरोघर फिरते, नऊ वाजायच्या आत काम संपतं. खर्च वाटून घेतला की घराला चहाच्या पैशात भागतं. थंडी सरून ऊन चढायला लागतं तेव्हा आमच्याकडे ही मर हटकून येते, म्हणून एक फेरी त्याआधी संक्रांतीच्या आसपास असतेच. आजारी कोंबडीला मात्र लस टोचायची नाही. तुमच्या उरलेल्या तिघींना आत्ता नको.

पावसाळ्याचं वेगळं. आमच्या खानापूरच्या पश्चिमेला पाऊस लागला की खुराडं महिनाभर वाळत नाही. ओल्या भुशात रक्ती हगवण होते, पिल्लं तीन ते सहा आठवड्यांची असताना जास्त. लाल विष्ठा दिसली की अँप्रोलियम दवाखान्यातून आणा, ह्याला औषध आहे आणि लवकर दिलं तर पिल्लं वाचतात. खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच करा, खाली हवा खेळू द्या. तुम्ही कडोलीकडे आहात, तुमच्याकडे पाऊस आमच्यापेक्षा कमी, पण काळी चिकट माती पाणी धरते. तेव्हा हे तुम्हालाही लागू आहे.

आता तुमच्या तिघींचं. त्यांना आहे त्याच खुराड्यात कोंडून ठेवा, परड्यात मोकळं सोडू नका, शेजारी जाऊ देऊ नका. रोगातून उठलेली कोंबडी काही आठवडे विष्ठेतून रोग टाकत राहते. मेलेल्या सात कुठं टाकल्या ते तुम्ही लिहिलं नाही. ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकल्या असतील तर आजच काढून कमरेइतका खड्डा खणून पुरा, वर चुना आणि दगड. नाहीतर कुत्री ओढून शेजारच्या दारात नेतात. हात साबणानं धुवा, धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, ह्या रोगानं माणसाचेही डोळे येतात. तिघींची अंडी नीट उकडून खा, त्यात धोका नाही, पण पिल्लांसाठी बसवू नका.

तिघी महिनाभर धड राहिल्या की त्यांना दुसरीकडे हलवून खुराडं रिकामं करा. जुना भुसा, पाला जाळा. विष्ठा खरवडून पुरा. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून, बादलीला चार-पाच मुठी, सगळं घासून काढा. वाळलं की चुना दोन हात. लाकडाच्या फटीत दिवसा गोचीड लपते, रात्री येऊन कोंबडीचं रक्त पिते आणि खुराडं रिकामं ठेवलं तरी महिनोन्‌महिने उपाशी जगते. त्या फटी आगीच्या पलित्यानं शेकून घ्या किंवा लाकूडच बदला. मग दोन-तीन आठवडे कडक ऊन खाऊ द्या. एकूण दोन महिने तुमच्याकडे नवीन कोंबडी येणार नाही असं धरून चला. घाई वाटेल. मलाही वाटली होती, आणि दीड महिन्यात आणलेल्या चारही गेल्या.

दोन महिन्यांनी काय आणायचं? माझं ऐकाल तर कोंबडी आणू नका, अंडी आणा. मानमोडी, देवी, उवा, गोचीड, जंत यातलं काही अंड्यातून पिल्लात उतरत नाही. पांढरी हगवण आणि श्वासाचा एक जुनाट रोग मात्र अंड्यातून उतरतात, म्हणून ज्या घरी पिल्लं जगताहेत त्याच घरची अंडी घ्यायची. उरलेल्या तिघींतली एखादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तर तिच्याखाली दहा-बारा अंडी बसतात. तोवर ती पूर्ण बरी झालेली असली पाहिजे. अंडी आठवड्याच्या आतली, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांची, न धुतलेली. डालग्यात तळाला राख, वर भात्याण (भाताचा पेंढा). रोज एकदा उठवून दाणा-पाणी. सातव्या रात्री बॅटरीवर धरून बघा, लाल शिरा दिसल्या तर ठेवा, स्वच्छ पारदर्शक असेल ते काढून घ्या. २१ व्या दिवशी चिवचिव.

अंड्यांसाठीच पाळायच्या असतील तर हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची गिरिराजा किंवा स्वर्णधारा आहे, बेंगळुरूच्याच केंद्र सरकारी संस्थेची कावेरी आहे. जवारी वर्षाला ५०-६० अंडी देते, ह्या त्याच्या दुपटीहून जास्त. सरकारी केंद्रावरच्या पिल्लांना पहिल्या दिवशीची लस झालेली असते. पण गिरिराजा खुडूक होत नाही, अंगानं जड असते, आणि पहिले तीन-चार आठवडे बल्बची ऊब मागते. घरी दिवसभर कुणी असेल तरच घ्या. सासूबाईंच्या हातची सवय जवारीची आहे, तुम्ही पुन्हा जवारीनंच सुरुवात करा असं मला वाटतं. मोकळ्या परड्यात, वाळवी-किडे खाऊन, स्वतः पिल्लं काढणारी ती एकच.

आणि अंडी आणायला जाल तेव्हा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका, आपले रस्ते तसे नाहीत. डब्यात कोंडा भरा, अंडी टोकदार बाजू खाली करून रोवा, डबा मांडीवर घेऊन बसा. घरी आल्यावर एक रात्र तशीच स्थिर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला कोंबडीखाली सारा, अंधारात ती बिथरत नाही.